व्हेस्टिजिअल कचेरी

जयसिंगराव खडक्यांना इंग्रजीचे साडेसहा हजार शब्द पाठ होते. हा आकडा त्यांनी स्वतःच काढलेला, पण खोटा म्हणायचं कारण नाही. रोज सकाळी आंघोळ झाली की देवापुढे बसून डिक्शनरीतला एक शब्द पाठ करायचा, हा नेम त्यांनी अठरा वर्षं पाळला होता. डिक्शनरी देव्हाऱ्याच्या कडेलाच असे. द्वारकाबाई देवांना गंध लावता लावता तिलाही एक बोट लावून टाकत, त्यामुळे 'ए' अक्षराची पानं पिवळी पडली होती. एकोणीसशे एकोणसाठ साली जयसिंगराव 'एस'पर्यंत आले होते. देवाच्या दयेने आणखी चार वर्षांत 'झेड' गाठला की इंग्रजी भाषा संपणार होती.

पणजोबा होळकर दरबारात पत्रं लिहीत. आजोबांनी लिहिली, वडिलांनी लिहिली. दरबार गेला, मध्यभारत आलं, तेही जाऊन मध्यप्रदेश आलं, पण खडक्यांच्या हातातली लेखणी काही सुटली नाही. आता जयसिंगराव विहिरींच्या नोंदींच्या कचेरीत हेडक्लार्क होते. जिल्ह्यात कोणाची विहीर कुठे, किती हात खोल, पाणी कोणत्या महिन्यापर्यंत, याची दप्तरं तिथे होती. काम विहिरींचं असलं तरी जयसिंगरावांच्या दृष्टीने कचेरीचा आत्मा म्हणजे ड्राफ्ट. साहेबांच्या सहीने जाणारं प्रत्येक महत्त्वाचं पत्र आधी त्यांच्या टेबलावर जन्म घेई. बावीस वर्षांत सात साहेब झाले. सह्या बदलल्या, ड्राफ्ट बदलला नाही.

मग गजानन वझलवार आला.

नागपूरची राजधानी मोडली तेव्हा तिथले कारकून दोन राज्यांत वाटले गेले. त्या वाटणीत हा इंदूरच्या वाट्याला आला होता. वय बत्तीस, चष्मा जाड, आणि बोलणं असं की 'करतो' म्हणायच्या जागी 'करून राहिलो'. जयसिंगरावांना पहिल्या दिवशी त्याची दयाच आली. "शिकेल हळूहळू," ते शेजारच्या कारकुनाला म्हणाले. "मराठी सुधारली तर इंग्रजीही सुधारेल, भिया."

आठव्या दिवशी एक फाईल सापडेना. अशा वेळी काय लिहायचं ते जयसिंगरावांचं ठरलेलं होतं. 'नॉटविदस्टँडिंग' पासून सुरुवात, मध्ये 'इनडिफॅटिगेबल', आणि चार ओळींनंतर फाईल नाही हे कळायचं. पण ते रजेवर होते आणि टिपण वझलवारने लिहिलं. एकच वाक्य: फाईल हरवलेली नाही, ती डॉरमंट आहे.

नवे दुबेसाहेब जबलपूरचे. त्यांना इंग्रजीची फार हौस. ते खोलीतून बाहेर येऊन हसले. "डॉरमंट! वाह! सोई हुई है फाईल! कहाँ से लाये यह शब्द?"

"बेडकांच्या पुस्तकात होता साहेब," वझलवार म्हणाला. "आमच्या अंगणात बेडूक फार झाले म्हणून वाचून राहिलो होतो. उन्हाळ्यात ते मातीत तसे पडून राहतात."

दुसऱ्या दिवशी हे कानावर आलं तेव्हा जयसिंगरावांना आधी वाटलं, आपल्याला ॲसिडिटी झाली आहे. त्यांनी दोन दिवस ताक घेतलं. फरक पडला नाही. डॉरमंट त्यांना का येत नव्हता? 'डी'त होता, चौथ्या वर्षी पाठ केला होता! पण त्यांच्या पाठांतरात तो गेली चौदा वर्षं नुसता पडून होता, आणि या माणसाने बेडकाचा शब्द उचलून फाईलला लावला. फाईल काय, बेडूक काय! आणि साहेब हसले. बावीस वर्षांत जयसिंगरावांच्या ड्राफ्टवर साहेबांनी मान हलवली होती, सही केली होती, एकदा तर जांभईसुद्धा दिली होती. हसलं कोणी नव्हतं.

मग हे रोजचंच झालं. वझलवारच्या घरात वाळवी लागली, त्याने वाळवीचं पुस्तक वाचलं, आणि कचेरीतल्या जुन्या दप्तराबद्दल लिहिलं की ते बाहेरून अभंग दिसतं पण आतून 'हनिकोम्ब', म्हणजे मधाच्या पोळ्यासारखं पोकळ, झालं आहे. त्याने पुलांचं पुस्तक वाचलं आणि एका अर्जाला 'लोड-बेअरिंग' म्हटलं, म्हणजे सगळं प्रकरण ज्याच्यावर उभं आहे असा अर्ज. कथा-कादंबऱ्यांना तो हात लावत नसे. शब्द गोळा करणं तर त्याच्या गावीही नव्हतं. तो वाळवी वाचायचा आणि शब्द मागोमाग यायचे, हे जयसिंगरावांना सगळ्यात जास्त झोंबलं. एखाद्याने कष्ट करून मिळवलं तर माणूस समजून घेतो. फुकट मिळालेलं पाहवत नाही.

हळूहळू ड्राफ्ट दुबेसाहेबांच्या खोलीतून निघून दोन टेबलांमध्ये घुटमळू लागले आणि मग वझलवारच्या टेबलावर उतरू लागले. जयसिंगरावांकडे रजेचे अर्ज आणि शाईची मागणी एवढंच राहिलं.

"अहो, जेवत का नाही?" द्वारकाबाईंनी विचारलं.

"त्या वझलवारने आज 'सेडिमेंट' लिहिलं."

"म्हणजे काय?"

"गाळ."

"मग गाळ लिहिला तर तुमचं काय गेलं? जेवा."

मत्सर हा शब्द जयसिंगरावांनी स्वतःसाठी कधी वापरला नसता. 'एन्व्ही' आणि 'जेलसी' दोन्ही त्यांना पाठ होते, अर्थासकट. दोन्ही दुसऱ्यांना होतात अशी त्यांची समजूत होती.

त्यांनी आता वझलवारच्या पुस्तकांवर पाळत ठेवली. वाचनालयातले बाबूराव ओळखीचे होते. गेलं की बाबूराव सांगत, "वझलवारजींनी आत्ताच परत केलं. घेता का? अजून गरम आहे." जयसिंगराव घेत. त्यांच्या लक्षात आलं की समासात काही शब्दांशेजारी पेन्सिलीचं बारीक टिंब असतं. म्हणजे हाच माल! त्यांनी एक वही केली आणि टिंबवाले शब्द उतरवून घेऊ लागले. पुस्तक वाचण्यात त्यांनी वेळ घालवला नाही. टिंबापासून टिंबापर्यंत उडी, मधली वाळवी आणि मधले पूल वझलवारला लखलाभ. ती टिंबं वझलवारने न समजलेल्या शब्दांना केली होती, पुढे कोणाला तरी विचारायला म्हणून, हे मात्र त्यांना कोणी सांगितलं नाही.

पावसाळा संपता संपता भोपाळहून पत्र आलं. इंदुरातल्या बऱ्याच कचेऱ्या भोपाळला गेल्याच होत्या. आता विचारणा होती की विहिरींच्या नोंदींची कचेरीही तिकडे का हलवू नये; म्हणणं पंधरा दिवसांत कळवावं. कचेरीत सगळ्यांची तोंडं उतरली. घर, मुलांच्या शाळा, म्हातारी माणसं, सगळं इंदुरात. कोण जातं भोपाळला!

जयसिंगरावांच्या मनात मात्र एकच प्रश्न होता. हे पत्र कोणाच्या टेबलावर जाणार?

आणि तेव्हाच वझलवारच्या बायकोला, उषाला, अपेंडिक्सचं ऑपरेशन सांगितलं. तो आठ दिवसांच्या रजेवर गेला. दुबेसाहेबांनी दोन दिवस त्याची वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी जयसिंगरावांना बोलावलं. "खडकेजी, अब आप ही लिखिए."

'आप ही'मधला 'ही' जयसिंगरावांना चांगलाच टोचला. पण लेखणी हातात आली होती. त्या संध्याकाळी ते थेट वाचनालयात गेले.

"बिचारे हॉस्पिटलात जाता जाता परत करून गेले," बाबूरावांनी मानवी शरीरावरचं जाडजूड पुस्तक पुढे केलं. "बायकोच्या पोटातून नेमकं काय काढणार, ते वाचत होते."

जयसिंगरावांनी उभ्या उभ्या टिंब शोधलं. अपेंडिक्सच्या प्रकरणात, उजव्या पानाच्या अगदी खाली, एक टिंब होतं. शब्द होता 'व्हेस्टिजिअल'. आणि वाक्य असं होतं की अपेंडिक्स हा व्हेस्टिजिअल अवयव आहे. प्राचीन पूर्वजांपासून तो पिढ्यान्‌पिढ्या माणसाकडे चालत आला आहे आणि आजही आपली जागा राखून आहे.

त्यांनी ते वाक्य दोनदा वाचलं. त्यांना भरून आलं. प्राचीन पूर्वजांपासून! पिढ्यान्‌पिढ्या! आजही आपली जागा राखून! पणजोबा, आजोबा, वडील आणि ते स्वतः, खडक्यांचं अख्खं घराणं त्या एका शब्दात बसलं होतं. पान संपलं होतं, पुढचं उलटायचं राहिलं. पण शब्द मिळाल्यावर पान उलटायचं कारण काय? घरी येऊन त्यांनी नेम मोडला आणि 'एस'वरून एकदम 'व्ही'वर गेले. देव्हाऱ्याकडेच्या त्या छोट्या डिक्शनरीत एकच ओळ होती: पूर्वी असलेल्या गोष्टीची खूण. जयसिंगरावांनी डिक्शनरीला हात जोडले.

चार दिवस खपून पत्र चार पानांचं झालं. त्यात लिहिलं होतं की ही कचेरी होळकर रियासतीची व्हेस्टिजिअल कचेरी आहे. पुढे होतं की तिचा नोकरवर्गही बहुतांशी व्हेस्टिजिअल आहे. आणि शेवटी, आपण व्हेस्टिजिअल आहोत याचा आम्हाला अभिमान वाटतो.

दुबेसाहेब त्या शब्दावर थांबले. जयसिंगरावांचा श्वासही थांबला. साहेबांना शब्द ठाऊक नव्हता, आणि ठाऊक नाही असं म्हणण्याची त्यांना सवय नव्हती. त्यांनी तो जिभेवर घोळवला. "व्हेस्टिजिअल," ते म्हणाले. "बहुत खूब, खडकेजी. बिलकुल फिट." आणि सही केली.

बावीस वर्षांत पहिलं 'बहुत खूब'. जयसिंगराव त्या दिवशी दोन वेळा जेवले, म्हणजे दोन्ही वेळा पोटभर.

दुसऱ्या दिवशी वझलवार कामावर आला. बायकोची तब्येत सुधारत होती. पाकिटात घालायला ठेवलेलं पत्र त्याने उभ्या उभ्या वाचलं आणि जयसिंगरावांच्या टेबलाशी येऊन उभा राहिला.

"खडकेजी, एक बोलू? तो शब्द काढून टाका ना."

"कोणता?"

"व्हेस्टिजिअल. तो इथे बरोबर बसून नाही राहिला. त्याचा अर्थ..."

"अर्थ मला ठाऊक आहे." जयसिंगराव खुर्चीत मागे रेलले. आयुष्यात क्वचित लाभणारं सुख त्यांना लाभत होतं. "डिक्शनरीत पाहिलाय. तू बेडकांत पाहतोस, आम्ही डिक्शनरीत पाहतो."

"पण त्याच्या पुढच्या पानावर..."

"वझलवार, तू रजेवर होतास. पत्र मी लिहिलं. साहेबांनी बहुत खूब म्हटलं. आता ह्यात तुला कुठे जळजळ होत असेल तर भिया, ताक घे. मला फायदा नाही झाला, पण तुला होईल."

"बाप्पा," एवढंच म्हणून वझलवार जागेवर गेला. जयसिंगरावांना त्याची दयासुद्धा आली. बिचारा! मत्सर माणसाला कुठल्या थराला नेतो! त्यांनी स्वतःच्या हाताने पाकिटाला लाख लावली.

भोपाळचं उत्तर अकराव्या दिवशी आलं. सरकारी उत्तर इतक्या लवकर येणं हे तसं वाईट लक्षण असतं. दुबेसाहेबांनी दोघांनाही आत बोलावलं आणि स्वतःच मोठ्याने वाचलं. आपली कचेरी व्हेस्टिजिअल असल्याचं आपण तीन ठिकाणी मान्य केलं आहे. म्हणजे एके काळी उपयोगी असलेला पण आता निरुपयोगी उरलेला अवयव. आपल्या या प्रामाणिकपणाचं शासनाला कौतुक वाटतं. असा अवयव काढून टाकावा आणि त्याने शरीराचं काही बिघडत नाही, हे वैद्यकशास्त्रही मान्य करतं. तरी कोणाचं काही म्हणणं असल्यास सात दिवसांत कळवावं.

जयसिंगरावांना न उलटलेलं पान दिसलं. ते त्यांनी वाचलं नव्हतं, तरी आता त्यावर काय लिहिलं असेल ते शब्दन्‌शब्द दिसत होतं.

"यह शब्द," दुबेसाहेबांनी कागद खाली ठेवला, "किसका है?"

स्वतः 'बहुत खूब' म्हटलेलं साहेबांना आठवत नव्हतं आणि कोणी आठवणही करून दिली नाही.

तेवढ्यात वझलवार पुढे झाला. "साहेब, तो शब्द माझ्या पुस्तकातला आहे. मीच त्यावर टिंब केलं होतं. खडकेजींनी तिथूनच घेतला असेल."

म्हणजे हा माणूस त्यांना वाचवत होता! आता फक्त मान हलवायची होती. 'होय साहेब, पुस्तक वझलवारचं, टिंब वझलवारचं.' एक अक्षरही खोटं नव्हतं त्यात. साहेबांचा राग त्याच्यावर गेला असता, ड्राफ्ट पुन्हा आपल्या टेबलावर आला असता. जयसिंगरावांनी मान हलवायला सुरुवातही केली.

पण मग त्यांच्या लक्षात आलं की याचा अर्थ काय होतो. डॉरमंट त्याचा. हनिकोम्ब त्याचा. सेडिमेंट त्याचा. आता साडेसहा हजार शब्दांच्या धन्याने आयुष्यात एकच शब्द असा वापरला होता की भोपाळपर्यंत हलकल्लोळ झाला, आणि तोही वझलवारचाच?

"नाही!" ते ओरडले. दुबेसाहेब दचकले. "साहेब, शब्द मेरा है! किताब किसी की भी हो. उसने तो निकालने को कहा था, मैं माना नहीं. चिठ्ठी में मैंने डाला. तीन जगह डाला!"

वझलवारला वाटलं, काय सच्चा माणूस आहे! हा गैरसमज त्याने पुढे अनेकांना सांगितला.

"ठीक है," दुबेसाहेब म्हणाले. "जवाब वझलवार लिखेंगे."

तर असं झालं. बावीस वर्षांची लेखणी सगळ्यांच्या देखत टेबल ओलांडून गेली.

जयसिंगरावांना वाटलं, आता हा विहिरींचं एखादं पुस्तक आणणार, त्यातून असा काही शब्द काढणार की भोपाळ गार पडेल. त्यांनी बाबूरावांना विचारलं. नाही, वझलवारने काही नेलं नव्हतं. तो दोन दिवस कचेरीच्या ओसरीवर बसून होता. येईल त्या माणसाला विचारत होता, कुठून आलात, कशाने आलात, परत कधी जाणार, आणि लिहून घेत होता; मागच्या दिवसांची माणसं त्याने नोंदवहीतून मोजली. तिसऱ्या दिवशी ड्राफ्ट झाला, टाईप झाला. मूळ कागद आणि टाईप केलेली प्रत मोठ्याने वाचून ताडून पाहायची, ही कचेरीची रीत. एकाने वाचायचं, दुसऱ्याने पाहायचं. वाचायचा मान हेडक्लार्कचा. म्हणजे जयसिंगरावांना ते पत्र स्वतःच्या तोंडाने वाचावं लागणार होतं.

त्यांनी घसा साफ केला आणि शब्द शोधत निघाले. एक पान झालं. अवघड असा एकही शब्द नाही! गेल्या महिन्यात कचेरीत चारशे अकरा माणसं आली. त्यातली दोनशे सत्तर सांवेरकडून, सकाळच्या मोटारीने आली आणि संध्याकाळच्या मोटारीने घरी गेली. पोरांना शाळेत शिकवतात तसलं इंग्रजी. जयसिंगरावांना धीर येऊ लागला. संपला वझलवार! मग ते खालच्या परिच्छेदावर आले. गुरुवारी सांवेर तालुक्यातून जनाबाई नावाची बाई विहिरीच्या नोंदीची नक्कल घ्यायला आली. वय सत्तरच्या आसपास. ती एकटी आली आपले कागद आणि एका वेळची भाकरी घेऊन. कचेरी भोपाळला गेली तर तिला चार वेळची भाकरी बांधावी लागेल.

जयसिंगराव थांबले. ही बाई गुरुवारी त्यांच्याच टेबलासमोर उभी होती. त्यांनी तिला 'रांगेत उभी राहा' म्हटलं होतं. त्यांच्याजवळ साडेसहा हजार शब्द होते आणि त्यातला एकही तिच्या भाकरीपर्यंत पोचला नव्हता. पोटात पुन्हा ती जळजळ उठली, पण एवढी कधीच उठली नव्हती. अवघड शब्दाचा मत्सर करता येतो, तो पाठ तरी करता येतो. ह्याचं काय करायचं?

"काय झालं खडकेजी? चूक आहे का?"

"आहे," जयसिंगराव म्हणाले. चूक हवीच होती. त्यांनी ते वाक्य पुन्हा वाचलं, मग आणखी एकदा, ओठांतल्या ओठांत. "इथे. 'शी केम अलोन'. 'अलोन' नंतर स्वल्पविराम पाहिजे."

वझलवारने कागद हातात घेतला. एकदा थांबून वाचलं, एकदा न थांबता वाचलं. "खरं आहे," तो सावकाश म्हणाला. "त्याच्यावाचून ती घाईत आल्यासारखी वाटून राहिली होती. आता एकटी वाटते."

त्याने दौत पुढे सरकवली. जयसिंगरावांनी टाक बुडवला, जादा शाई झटकली, आणि तो स्वल्पविराम इतक्या निगुतीने दिला की पणजोबांनी दरबारात शिक्कासुद्धा तेवढ्या निगुतीने मारला नसेल.

दीड महिन्याने उत्तर आलं. पुढील आदेश होईपर्यंत कचेरी इंदुरातच राहील. सरकारात पुढील आदेश कधी होत नसतात हे सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळे कचेरीत पेढे वाटले गेले. दुबेसाहेबांनी सगळ्यांसमोर वझलवारची पाठ थोपटली. जयसिंगरावांनी एक पेढा खाल्ला आणि दुसरा द्वारकाबाईंसाठी कागदात बांधून घरी नेला.

"राहिलो ना इंदुरात?" द्वारकाबाईंनी आधी देवापुढे पेढा ठेवला. "कोणाच्या पत्राने म्हणायचं हे?"

जयसिंगराव पाटावर बसले. त्यांनी या प्रश्नाचा रस्ताभर विचार केला होता.

"'अलोन'पर्यंत वझलवारच्या," ते म्हणाले. "स्वल्पविरामापासून पुढे माझ्या."